मिक्सरचा दमा

कार्ला फाट्यावरच्या मंगल कार्यालयात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. नवरा-नवरीच्या लाल खुर्चीत मत्स्यनाथ महाराज बसले होते. पुढ्यात काचेची पेटी, तीत निळ्या-लाल पट्ट्यांचे बोटाच्या पेराएवढे मासे, सगळे एका घोळक्यानं फिरणारे. रोगी काचेला हात लावत, पेटीवर काळं कापड पडे, तासभर भजन चाले. कापड उचललं की मासे पांढरेफटक!

"माझ्या लेकरांनी रोग गिळला," महाराज सांगत. प्रसाद वाटून होईस्तोवर माशांचे रंग परत येत. म्हणजे रोग इंद्रायणीत गेला म्हणे. पेटीला ना तोटी, ना नळी. तो कोणत्या वाटेनं गेला, हे कुणी विचारलं नाही.

मांडीवर पाच वर्षांच्या स्नेहलला घेऊन बसलेल्या सारिकाला हसू आवरेना. पण महाराजांनी लेकीचा दम्याचा इन्हेलर पाहिला आणि तिचं हसू विरलं. "यंत्राचा वारा आणि देवाचा वारा एका छातीत नांदत नाही. सोडा तो नदीत," महाराज म्हणाले. सासू झुंबरबाईंनी तो लगेच कनवटीला खोचला. नदीत उद्या सोडू, पण आता पोरीला द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं. सांज झाली की स्नेहलच्या छातीत शीळ वाजायची, आणि सांज व्हायला निम्मा दिवसच उरला होता.

परंदवडीला परतताना सारिकानं सांगून पाहिलं. असेच मासे घरी होते, नवऱ्यानं, निलेशनं, लेकीसाठी आणलेले. पहाटे डब्यासाठी उठून ती दिवा लावी, तेव्हा ते रोजच धुऊन विटलेल्या कापडासारखे दिसत. चहा उकळून होईतो पुन्हा रंगत.

"आपलं मासं बाजारातलं," झुंबरबाई म्हणाल्या. "त्यांचं सिद्ध हायेत."

सारिकानं वाद सोडला. घरी येताच मात्र तिनं खडखडणारा मिक्सर उचलून माशांच्या टाकीशेजारी ठेवला. "आत्या, आपल्या माशांना याचा तरी दमा ओढता येतोय का, बघू."

झुंबरबाईंना ते पटलं. एवढं जमलं तर दुरुस्तीवाल्याकडचा हेलपाटा तरी वाचेल. त्यांनी स्वतःचीच काळी घोंगडी टाकीवर टाकली. आत हवेचे बुडबुडे चालू आहेत ना, तेवढं सारिकानं पाहून घेतलं. काचेवर टकटक करायची नाही, मासे बिचकतात, असं स्नेहलला सांगितलं. वाटी परत द्यायला आलेली शेजारची कमरजहाँही बसली. झुंबरबाईंनी जीव ओतून भजनं म्हटली.

घोंगडी उचलली. मासे पांढरेफटक.

"वढला की गं!" झुंबरबाईंनी हात जोडले.

सारिकानं मिक्सरचं बटण दाबलं. तो पहिल्याइतकाच खडखडला.

"मावशी," कमरजहाँ पदराआडून म्हणाली, "रोग गेला, मग आता खोकतंय कोण?"

सारिकानं झुंबरबाईंना काचेजवळ बसवलं. अंधार पडला की हे मासे रंग मिटवतात, म्हणजे त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशाच्या नजरेला पडत नाहीत. उजेड आला की रंग उमलतो. त्यांना ना मिक्सर कळतो, ना माणूस. सांगता सांगता एकेकाची निळी रेघ उजळत गेली.

झुंबरबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजी पोरीचा दमा हाय तितंच हाय?"

"आहे, आत्या."

आतून स्नेहलचा खोकला आला. झुंबरबाईंनी कनवटीचा इन्हेलर काढला, डॉक्टरांनी दाखवला तसा हलवला आणि नातीला स्वतः दिला.

पुढच्या गुरुवारी कार्ल्याच्या बसमध्ये त्या सगळ्यात आधी चढल्या, आणि महाराजांकडे निघालेल्या बायकांना उतरेपर्यंत सुनावत राहिल्या. "रोगी नसताना एकडाव कापड टाकून बघा. तरीबी मासा फिका पडला, तर त्यात म्हाराजाचं काय? हात जोडायच्या आदी डोळं उघडं ठिवा. आन् डाक्टरला इचारल्याबिगर लेकराचं औषिद कुणी बंद करू नगा. म्या निम्मा दिवस केलतं, अजून छाती धडधडती."