विहिरीतला आंधळा मासा

दरवर्षीप्रमाणे विहीर उपसायला शिवन आत उतरला होता. वर आलेली गाळाची बादली अलेयम्माने स्वतः चाळली, आणि हवा तो जीव हाती लागला. करंगळीएवढा, लालभडक, डोळेच नसलेला मासा.

"एकच रे?" तिने वाकून विचारलं.

"एकच, चेची," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं शिवन खालून म्हणाला. "पूर्वी मूठभर निघायचे. आता गावातल्या निम्म्या विहिरी बुजल्या, राहतील कुठे बिचारे?"

शेजारी विहीणबाई रोसम्मा नाक मुरडून उभ्या. अलेयम्माची लेक जिन्सी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. त्याआधी सासूबाई घराची झडती घ्यायला हजर.

"असले किडे पाण्यात, आणि माझं नातवंड इथे? ब्लीचिंग पावडर टाका. त्याशिवाय सुनेला पाठवायची नाही मी."

"किडा नाही हो, मासा आहे. या जांभ्याखालच्या पाण्याशिवाय जगात कुठे नाही म्हणतात."

"मग मेणबत्ती लावा त्याच्यापुढे."

अलेयम्माने पावडर आणवली. लेकीपुढे माशाचं काय एवढं? तरी तिने आपली अक्कल चालवली. मासा विहिरीच्याच पाण्यात मडक्यात घातला, वर झाकण ठेवलं, आणि मगच पावडर ओतली. एक होता, तो वाचवला. बाई निवांत झोपली.

जिन्सी आली. पाण्याचा वास जरा कमी झाल्यावर अलेयम्मा मासा सोडायला मडकं घेऊन निघाली. आधी बादलीभर पाणी शेंदलं, तर वर मासे तरंगत होते. तसेच, पण पांढरेफटक. जांभ्याच्या फटींत दडलेले, उपशात कधीच हाती न लागलेले. एकच आहे, हे तिने कशावरून धरलं होतं कोण जाणे. ती कठड्यापाशी खाली बसली आणि तिला रडू आलं.

मागून जिन्सी पेला घेऊन आली. "अम्मची, उकळलेल्या जिऱ्याच्या पाण्यालासुद्धा पावडरीचा वास मारतोय. कशाला टाकलीस?"

"बाळासाठी गं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या..."

"पण आपल्या घरात कच्चं पाणी पितं कोण? बाळाला अंघोळही तू उकळलेल्या पाण्यानेच घालणार ना?"

लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी पाण्याचं पातेलं अलेयम्माच चुलीवर चढवत आली होती. विहिणीला एवढं सांगायचं तिला सुचलं नव्हतं.