मागच्या सीटवरचा ब्रेक

उतार दिसला की गाडी न्यूटरलवर सोडायची, यात राजारामपुरीच्या अमरसिंह खोराट्यांना जो आनंद मिळायचा तो त्यांना स्वतःच्या लग्नातही मिळाला नसावा. साखर कारखान्याच्या शेती खात्यात तीस वर्षं जीप पिटाळलेला माणूस. निवृत्त झाला, नेसरीचं घर भावावर सोपवून कोल्हापुरात फ्लॅटमध्ये आला, सेकंडहॅन्ड मोटार घेतली, खरं सवय काही सुटली नाही. डावा हात गिअरवर जायचा, गाडी मोकळी सुटायची आणि ते मागं वळून म्हणायचे, "बघा, आता थेंबभर डिझेल लागत न्हाय." मागं बसलेल्यांनी मान डोलवायची. तीस वर्षांत एकदाही धडकलो नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जणू काही समोरच्यांनी कधी ब्रेकच दाबले नव्हते.

त्यांची सून संयोगिता मात्र या मान डोलवण्यात कच्ची होती. कारण तिचं पोटच मुळी ब्रेकवर चालायचं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ती मोटारींच्या ब्रेक डिस्क तपासायला होती, सात वर्षं झाली. फाउंड्रीतून ओतून आलेल्या लोखंडी ताटल्या मशीनवर घासून निघायच्या आणि तिच्या टेबलावर यायच्या. जाडी बरोबर आहे का, फिरताना ताटली डुलते का, हे बघून ती माल पास करायची. केसाएवढा फरक असला तरी बाजूला ठेवायची. घरात या कामाला नाव होतं, 'ताटल्या मोजायला जाणं'. सासरे पाहुण्यांना सांगायचे, "सून ताटल्या मोजाय जाती." पाहुणे हसायचे. संयोगिताही हसायची. काय करता.

आता त्या ताटलीचं काम काय, तर चाकाबरोबर फिरायचं. आपण पाय दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमट्यात धरतात आणि घासून घासून गाडीचा जोर मोडतात. तो जोर जातो कुठं? त्याची उष्णता होते आणि ती ताटलीनं गिळायची असते. म्हणून ती जाड हवी, म्हणून तिच्या पोटात वारा खेळायला फटी ठेवलेल्या असतात. दर दाबासरशी ती कणभर झिजते. झिजावंच लागतं, तिचा धंदाच तो. खरं किती झिजायचं याला हद्द असते आणि ती हद्द तिच्या अंगावरच कोरलेली असते. त्याच्या खाली गेली की पातळ लोखंड, लवकर तापणार, आणि तापलेल्या लोखंडाला पॅड धरत नाही, नुसता घसरतो.

दोन महिन्यांपूर्वी पंक्चर काढताना पुढचं चाक बाहेर आलं होतं, तेव्हा संयोगितानं डिस्कच्या कडेवरून नख फिरवलं. जिथं पॅड पोचत नाही तिथं काठ उभा राहिला होता, भाकरीच्या तव्याला असतो तसा. अंगावर बावीस मिलिमीटर कोरलेलं आणि तिच्या बोटांना लागत होते वीस. बोटांत बसलेलं माप चुकत नाही. तिनं सासऱ्यांना सांगितलं.

"मामा, डिस्क बदलाय पाहिजे. लई झिजलीय."

"पॅड नवीन टाकलेत की गेल्या दिवाळीत."

"पॅड नवीन हाईत, पण डिस्क..."

"लोखंड हाय ते, खडू न्हवं," मामा म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

त्यानंतर मामा जोतिबाला जाऊन आले. डोंगर सगळा न्यूटरलवर, ब्रेकवर पाय ठेवून उतरले, गावातल्या गर्दीत ब्रेक दाबत घरी आले आणि फ्लॅटच्या दारात लगेच पाइप लावून गाडी धुवायला घेतली. चाकावर पाणी पडलं तशी चुर्रर्र करून वाफ निघाली. संयोगिता गॅलरीतून बघत होती. तापलेली डिस्क अशी एकदम गार केली की वाकते. दुसऱ्या दिवसापासून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. मामा म्हणाले, रस्ते खराब झालेत.

तिनं नवऱ्याला, आदर्शला, धरलं. तो बँकेत नोकरीला होता, बाहेर चांगला बोलका, वडिलांपुढं मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. "तूच सांग की," तो म्हणाला, "तुला त्यातलं कळतंय." तिला कळत होतं म्हणून तर तिचं कुणी ऐकत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका रविवारी मामांना दुसराच शोध लागला. ड्रायव्हरच्या मागं बसणाऱ्याच्या पायाखालचं रबरी मॅट झिजून त्याला चांगलं पेरूएवढं भोक पडलं होतं. "उंदरानं खाल्लं बघ," ते बायकोला म्हणाले. "हलका माल." सासूबाई, म्हणजे आत्ती, भांडी विसळत होत्या. त्या विसळत राहिल्या. आत्ती तशा कशावरच काही बोलत नसत.

मग धाकट्या दिराचा, ऋतुराजचा, साखरपुडा ठरला. मुलगी कोकणातली, राजापूरची. ऋतुराज मित्रांबरोबर आदल्या दिवशीच पुढं गेला. बाकी सगळ्यांनी मामांच्या गाडीतून जायचं, अणुस्कुऱ्याच्या घाटानं. संयोगितानं आदल्या संध्याकाळी शेवटचा डाव टाकून बघितला. "मी मोनाला घेऊन एसटीनं येते. तिला गाडी लागती." मोना तिची चार वर्षांची पोर.

"दारात गाडी असताना एसटीनं?" मामा म्हणाले. "व्याही काय म्हणतील?"

संपलं. व्याही काय म्हणतील, याच्यापुढं चार वर्षांच्या जिवाची काय किंमत.

सकाळी गाडी भरली. मामा स्टिअरिंगवर, शेजारी आदर्श. मामांच्या मागं आत्ती. डाव्या खिडकीला पेढ्यांचे पुडे, साडीचा खोका, फळांची करंडी. मध्ये अंग चोरून संयोगिता आणि तिच्या मांडीवर मोना. मागच्या दारांना पोरीसाठी चाइल्ड लॉक टाकलेलं, म्हणजे आतून उघडायची सोयच नाही. बाजारभोगाव मागं पडलं तशी मोना झोपली आणि संयोगिताचे डोळे पुढच्या वेगाच्या काट्याला चिकटले.

घाटाच्या तोंडाशी खाली सगळं कोकण पसरलेलं दिसलं. आदर्श म्हणाला, "काय देखावा हाय." तेवढ्यात मामांचा डावा हात गिअरवर गेला आणि गाडी न्यूटरलला सुटली.

ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात तो उतरायचा, हे एसटीचा कुठलाही ड्रायव्हर झोपेतसुद्धा सांगेल. इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं, ब्रेकला नुसता हातभार लावायचा असतो. मामांनी इंजिनला सुट्टी दिली होती. आता गाडीचा, पाच माणसांचा आणि सगळ्या पेढ्यांचा भार त्या दोन पातळ ताटल्यांवर होता, आणि संयोगिता मनातल्या मनात त्या तापताना बघत होती. पहिलं वळण. दुसरं वळण. स्टिअरिंग थरथरलं. मामांचा पाय ब्रेकवरून निघतच नव्हता.

मग वास आला. जळक्या ब्रेक पॅडचा, घशात बसणारा.

"मामा, सेकंडला घ्या की," ती म्हणाली. "वास याय लागलाय."

"फुडच्या ट्रकचा हाय."

पुढं ट्रक नव्हता. पुढं नुसता रस्ता होता आणि कठड्यापलीकडं मोकळी हवा.

"मामा, खरंच. डिस्क तापल्यात."

"तुझ्या ताटल्या कारखान्यात ठेवून यायच्या," मामा म्हणाले आणि हसले. तिनं आदर्शच्या मानेकडं बघितलं. मान देखाव्याकडं वळली. तिला त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. दार उघडत नाही, सासरा ऐकत नाही, नवरा वळत नाही, आणि मांडीवर पोर तोंड उघडं टाकून झोपलेली. तिनं मोनाच्या पोटाभोवती दोन्ही हात आवळले. बसल्या जागी तिला एवढंच करता येत होतं.

तेव्हा तिच्या मनगटाला कुणीतरी धरलं. आत्ती. चेहरा नेहमीसारखा गप्प, बोटं मात्र गार पडलेली. वळण आलं की बोटं आवळायची. संयोगितानं खाली बघितलं. आत्तींनी चप्पल काढली होती आणि त्यांचा उजवा पाय पुढच्या सीटखाली शिरून मॅटवर दाबला होता, अगदी जीव तोडून, टाचेपर्यंत. वळण गेलं, पाय सैल झाला. पुढचं वळण दिसलं, पाय पुन्हा दाबला. त्या भोकावर.

तिला काही सुचायच्या आत मामा म्हणाले, "अरं?"

एवढंच. अमरसिंहांच्या तोंडून असला आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. त्यांनी पाय दाबला, पुन्हा दाबला, गुडघा वर येऊन खाली गेला आणि गाडी होती त्याच वेगानं पळत राहिली. मग अजून वेगानं. समोर उजवीकडं मोडणारं वळण, कठडा, आणि कठड्याला एका ठिकाणी खिंडार. मामा बिनकामाच्या ब्रेकवर नुसते पाय आपटत होते.

"मामा, क्लच दाबा," संयोगिता म्हणाली. आवाज कारखान्यातला होता, मशीनच्या गोंगाटातून पलीकडं पोचणारा. "क्लच. डावा पाय. दाबा."

मामांनी दाबला.

"आदर्श, थर्ड टाक."

सात वर्षांच्या संसारात तिनं मोठ्यांपुढं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि अरे-तुरे तर नाहीच नाही. तो दचकून सरळ झाला आणि त्यानं दांडा ओढला.

"क्लच सोडा. आता परत दाबा. आदर्श, सेकंड. सोडा."

इंजिन केवढ्यांदा तरी ओरडलं, सगळे पुढं फेकले गेले, पेढ्यांचे पुडे खाली आले. गाडीला कुणी मागून दोर लावून धरावं तशी ती जड झाली. "हँडब्रेक हळूहळू ओढ. एकदम नको. मामा, डोंगराच्या बाजूला घ्या." डावं चाक गटारात उतरलं, पत्रा दगडाला घासत गेला आणि गाडी थांबली. कठडा दहा पावलांवर होता. मोना जागी होऊन रडायला लागली आणि संयोगिताला ते रडणं ऐकून इतकं बरं वाटलं की तिलाही रडू फुटलं.

आदर्शनं बाहेरून दार उघडलं. पुढच्या चाकांतून धूर येत होता. मामा खाली उतरले, पाण्याचा कॅन उचलला आणि चाकाकडं निघाले.

"पाणी घालू नका," संयोगिता म्हणाली. "जोतिबाहून आल्यावर घातलंत, तवाच त्या वाकल्या."

मामा कॅन घेऊन तसेच उभे राहिले. आधीच गाडी हातातून गेलेली, त्यात सुनेनं शिकवलेलं. माणूस अशा वेळी काय करतो? "तू मागनं वरडाय लागलीस म्हणून माझं ध्यान गेलं," ते म्हणाले. "न्हायतर आणली असती मी बरोबर खाली."

आदर्श गटाराकडं बघत राहिला. संयोगितानं मोनाला खांद्यावर थोपटलं. पुन्हा तेच होणार होतं. राजापुरात ही गोष्ट सांगितली जाणार होती, मामांनी गाडी कशी वाचवली याची, आणि संध्याकाळी ती याच मधल्या जागेवर, याच पोरीला घेऊन बसणार होती.

"अवो, हिकडं या जरा," आत्ती म्हणाल्या.

त्या अजून गाडीतच होत्या, अनवाणी. मामा दाराशी गेले.

"हे भोक उंदरानं पाडल्यालं न्हाय."

"आता हे काय काढलंस?"

"माझा पाय हाय त्यो." आत्ती हळूच बोलत होत्या, शेजारणीला पीठ मागावं तशा. "जीपला बी हितला रंग गेल्ता, तुमी म्हनला गंज चढला. पस्तीस वर्सं तुमचा पाय पडायच्या आधी माझा हितं दाबून झाल्याला असतोय. एक डाव बी तोंडातनं आवाज काढला न्हाय. आज ही पोरगी वरडली म्हणून आपन हितं हाय. वरडाय पाहिजे हुतं ते मी. लई आधी."

मामांनी मॅटकडं बघितलं. हातातला कॅन खाली ठेवला.

आत्तींनी हात पुढं केला. मामांनी किल्ली दिली. आत्तींनी ती आदर्शला दिली आणि म्हणाल्या, "तू चालीव. ही सांगंल तशी चालीव."

चाकं गार व्हायला तासभर गेला. संयोगितानं हात जवळ नेऊन बघितला, पेडल दाबून बघितलं, ब्रेक लागतोय अशी खात्री केली, मग मागच्या दारांचं लॉक काढून टाकलं. खाली पाचलला गाडी सोडायची आणि पुढं एसटीनं जायचं, तिनं सांगितलं. व्याही काय म्हणतील, हे कुणी विचारलं नाही. ती मोनाला घेऊन पुढं बसली. आत्ती मधल्या जागेवर सरकल्या. ड्रायव्हरच्या मागची जागा राहिली होती, तिथं मामा बसले.

आदर्शनं पहिला गिअर टाकला, डावं चाक गटारातून वर आलं आणि गाडी माणसाच्या चालीनं उतरायला लागली. दुसऱ्या वळणाला मागचं सगळं ठीक आहे ना बघायला संयोगिता वळली. मामा समोरच्या सीटची पाठ धरून बसले होते आणि त्यांचा उजवा पाय त्या भोकावर होता, टाचेपर्यंत दाबलेला. आत्तींनी तो बघितला. मग त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि वळण संपेपर्यंत सोडलं नाही.