डोंगराच्या कळा

"आलं! डोकं आलं!" कोणीतरी ओरडलं आणि टेकडीवरची सगळी गर्दी एकदम पुढे लोटली. एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसायला थांबले, तेवढ्यात मागच्यांनी त्यांची जागा बळकावली. समोरच्या उतारावर, भुसभुशीत पिवळ्या मुरमातून एक करडा, गुळगुळीत, गोल दगड वर येत होता. खरोखर येत होता. काल टकलाएवढा दिसत होता, आज कपाळापर्यंत उघडा पडला होता.

"डोंगर आई, दगड बाळ! पाणी घाला, टळेल काळ!" छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेले बाबा गरजले. त्यांना सगळे गोटेबाबा म्हणत. "काल तुम्ही मला विचारत होतात, दगडाला जीव असतो का? बघा आता! विज्ञानाची गाडी जिथे बंद पडते ना, तिथून माझा रस्ता सुरू होतो!"

मी दवाखान्याची गाडी चालवतो, त्यामुळे बंद पडलेल्या गाड्यांबद्दल मला थोडंफार कळतं. पण त्या दिवशी हसायला येत नव्हतं. उगवत्या दगडाच्या बरोबर वर, उताराच्या टोकाला, दोन मजली घराएवढा एक प्रचंड गोल दगड उभा होता. इवल्याशा बैठकीवर तोल सावरून तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच होता. बाबांनी त्याला 'आईदगड' नाव दिलं होतं. त्याच्या पोटाखाली पत्र्याची शेड ठोकून तिथे गरोदर बायकांना बसवलं होतं, आणि त्या बायकांत माझी धाकटी बहीण होती.

तिचे दिवस भरत आले होते. पाय सुजले होते, डोकं दुखत होतं, रक्तदाब चढला होता. आमच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "आजच भरती करा. हा उशीर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतेल."

"चल," मी शेडमध्ये वाकून म्हणालो. "गाडी खाली उभी आहे."

बहिणीने नवऱ्याकडे पाहिलं. माझा मेव्हणा शिंपी, शांत स्वभावाचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"दादा, दगडाचं बाळ बाहेर पडलं की आमचंही सुखरूप येईल, असं बाबा म्हणालेत," तो म्हणाला. "तोवर हिला इथून हलवायचं नाही."

"अरे, तिचे पाय बघ जरा!"

"दोनदा दवाखान्यातच नेलं होतं ना?" त्याचा आवाज चढला, मग एकदम बसला. "दोन्ही वेळेला रिकाम्या हातांनी घरी आलो. आता तिसऱ्यांदा मला धाडस होत नाही."

एवढ्यात डोक्यावर कुठेतरी दगड कण्हल्यासारखा आवाज आला. लांबट, खोल, करकर असा. बाहेर एकच कल्लोळ उठला, "कळा! डोंगराला कळा आल्या!"

कळांचं मला काही ठाऊक नव्हतं, पण तो आवाज मला आवडला नाही.

मी तसाच दवाखान्यात परत आलो आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगू लागलो. गुडघे दाखवायला आलेल्या भूगोलाच्या बाई बाकावर बसून ऐकत होत्या. शाळेत त्यांनी मलाही शिकवलं होतं. त्यांनी मध्येच विचारलं, "आवाज दगडातून येतो की दगडाखालून?"

"खालून, बाई."

"आणि पाणी कुठे ओततात?"

"वरून, त्या मोठ्या दगडाच्या पायथ्याशी. तिथून ओघळत लहान दगडापर्यंत येतं. बाबांचा तसा हुकूमच आहे. रांग लावून हंडे ओततात लोक."

बाई काठी टेकत उठल्या. "हाड मोडल्यावर बांधता ती प्लास्टरची पट्टी आहे का गाडीत? घे. लवकर चल."

टेकडीवर पोचल्यावर बाईंनी कोणाशी वाद घातला नाही. पट्टी भिजवली आणि आईदगड ज्या खडकावर टेकला होता, त्या सांध्यावर आडवी चिकटवली. अर्धी वरच्या दगडावर, अर्धी खालच्या खडकावर.

"देवाला मलमपट्टी?" बाबा कडाडले.

"दगड हलत नसेल तर पट्टीला काय होणार आहे?" बाई म्हणाल्या. "वाळेल आणि राहील. तोवर शेड रिकामी करा."

"कोणी उठायचं नाही! ज्याची श्रद्धा ढळली, त्याचं बाळ गेलं!"

अर्धवट उठलेल्या बायका पुन्हा खाली बसल्या. माझी बहीणही बसली. मी मनात चडफडलो.

"बरं," बाई गर्दीकडे वळल्या. "पट्टी वाळेपर्यंत मला एक सळई द्या."

शेड ठोकताना उरलेली लोखंडी सळई मीच उचलून दिली. बाईंनी ती उतारावर एका जागी टोचली. हातभर आत गेली. दुसरीकडे टोचली, तिथेही गेली. तिसऱ्या ठिकाणी मात्र टणकन आवाज झाला.

"इथे पाणी ओता."

"तिथे काही नाही!" बाबा घाईने म्हणाले. "तिथे मी मंत्र घातलेला नाही!"

हंडा घेतलेल्या एका बाईने बाबांकडे पाहिलं, भूगोलाच्या बाईंकडे पाहिलं, आणि धाडकन पाणी ओतलं. पिवळा मुरूम गढूळ होऊन खाली पळाला. दुसरा हंडा झाला, तिसरा झाला. मुरमातून एक करडी, गोल पाठ वर आली.

गर्दी वाकून बघू लागली.

"सळई आत गेली तर मुरूम, अडली तर दगड," बाई म्हणाल्या. "तुमच्या बाबांनीही आधी असंच टोचून पाहिलं असणार. हा सगळा डोंगर ग्रॅनाइटचा. त्याला उभ्याआडव्या भेगा पडल्या, चौकोनी ठोकळे तयार झाले. भेगांतून पाणी मुरलं आणि ठोकळे कडेने कुजायला लागले. साबणाची नवी वडी वापरताना काय होतं? आधी काय झिजतं?"

"कोपरे," कोणीतरी पुटपुटलं.

"का? तर कोपऱ्याला पाणी तीन बाजूंनी लागतं, कडेला दोन, सपाट अंगाला एकाच बाजूने. म्हणून ठोकळा गोल होत जातो. त्याची टरफलं सुटतात, त्यांचा मुरूम होतो आणि मधला टणक गोळा तसाच राहतो. याला लाखो वर्षं लागतात. दगड उगवत नाही हो. तो होता तिथेच आहे. त्याच्याभोवतीचा मुरूम तुम्ही धुऊन काढताय."

"मग यात वाईट काय झालं?" माझा मेव्हणा पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "उगवला काय न् उघडा पडला काय! आम्हाला धीर मिळतोय ना?"

बाईंनी काठी वर उचलली. "हा मोठा दगड एका बाजूने खडकावर टेकलाय आणि दुसऱ्या बाजूने याच मुरमावर. तुमचं सगळं पाणी त्याच्या पायाशी पडतंय. बाळ बाहेर काढता काढता आईच्या पायाखालची जमीन काढून घेतलीत तुम्ही."

वरून पुन्हा तो आवाज आला, करकरत, आधीपेक्षा लांब. सगळ्यांच्या नजरा पट्टीकडे गेल्या. वाळून कडक झालेल्या पांढऱ्या प्लास्टरवर केसासारखी रेघ उमटली. बघता बघता ती रुंद झाली आणि पट्टी कटकन दुभंगली.

"देव हलला!" बाबा ओरडले. "चमत्कार! बसा, सगळ्या बसून राहा!"

"मग तुम्हीही बसा," बाई म्हणाल्या. "शेडमध्ये जागा आहे. या."

बाबा उठले. पुढे एक पाऊल टाकल्यासारखं केलं, वर दगडाकडे पाहिलं आणि मागे सरकले. मग आणखी मागे. छत्री खाली पडली, तीही उचलायला ते थांबले नाहीत.

माझा मेव्हणा हे सगळं बघत होता. तो धावत शेडमध्ये शिरला आणि बायकोला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आला. मग परत आत गेला. मीही गेलो. मघाची हंडेवाली बाईही आली. एकीला हात दे, दुसरीला आधार दे, असं करत शेड रिकामी केली. बहिणीला स्ट्रेचरवर घेऊन आम्ही रस्त्याला लागलो, तोच मागे धरणी हादरली. वळून पाहिलं तर आईदगड सावकाश, अगदी आळस दिल्यासारखा कलला, घरंगळला आणि शेडवर येऊन बसला. पत्रे कागदासारखे चेपले. धुरळा उडाला.

वाटेत बहिणीने माझी बाही घट्ट धरून ठेवली होती. दवाखान्यात पोचताच डॉक्टरबाईंनी तिला आत घेतलं. दार बंद झालं. मेव्हणा भिंतीला टेकून खाली बसला. रिकाम्या हातांनी परतलेला माणूस बंद दाराकडे कसा बघतो, ते मला त्या दिवशी कळलं. बऱ्याच वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडलेला, जिवंत आवाज. मुलगी झाली. आईही वाचली.

बाबा गेले ते गेलेच. पण गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहायला बसलो नसतो. पुढच्याच आठवड्यात गावभर नवी कहाणी फिरायला लागली: बाबांनीच आपल्या शक्तीने दगड थोपवून धरला होता, बायका बाहेर पडल्यावर मग सोडला! बाई हे ऐकून हताश झाल्या. म्हणाल्या, "दगडाला गोल व्हायला लाखो वर्षं लागतात. माणसाच्या डोक्यातली भीती झिजायलाही वेळ लागणारच. पण म्हणून विचारणं सोडायचं नाही. कोणी चमत्कार दाखवला की विचारा, हे कशाने झालं? मी केलं तर होईल का? आणि सांगणारा स्वतः त्याखाली बसायला तयार आहे का?"

तीच कहाणी मेव्हण्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक रंगवून सांगत होतं. मेव्हणा माप घेत होता. त्याने टेप गळ्यात टाकली.

"बायकांना बाहेर काढलं ते आम्ही," तो म्हणाला. "दगड खालून कण्हत होता, तरी बाबा त्यांना बसा म्हणत होता. आणि स्वतः मागे सरकत होता. मी तिथे होतो. माझी बायको त्या दगडाखाली होती." मग तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "हात वर करा. बाहीचं माप राहिलंय."