नेमणुकीचा दिवस

अध्यक्षांनी नाव पुकारलं आणि सभागृहातली तीनशे माणसं उठून उभी राहिली. पहिल्या रांगेतली सिस्टर तेवढी बसूनच राहिली. सकाळची पाळी संपवून ती थेट इस्पितळातून आली होती आणि तिचे पाय भरून आले होते. मंचाच्या पायऱ्या चढणारा नवरा तिला पाठमोरा दिसला. कोटाची उजवी बाजू खाली लोंबत होती. खिशात चष्म्याची डबी असणार. ती काढून ठेवायला सांगायचं राहूनच गेलं, असं तिच्या मनात आलं.

एकोणीस वर्षांपूर्वी तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. संध्याकाळी हाताचं तेल धुऊन घरातल्या पुढच्या खोलीत शेजारपाजारच्या सात जणांना घेऊन प्रार्थनेला बसायचा. सातांचे सत्तर झाले तेव्हा मधली भिंत पाडावी लागली. मग शेजारच्या गावात अशीच प्रार्थनेला जमणारी एक ख्रिस्ती मंडळी उभी राहिली, नदीपलीकडे दोन, आणि आता एकूण बावीस. पंपांचं काम सुटलं तसं घर तिच्या पगारावर चाललं. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. यांना माणसं जोडता येतात आणि मला सलाइन, असं ती हसत सांगायची. आज तो या बावीसही मंडळ्यांचा विभागप्रमुख होणार होता.

अध्यक्षांनी शपथेचा कागद पुढे केला. त्याने तो घेतला, वाचला आणि घडी घालून परत दिला.

"मला हे पद घेता येणार नाही," तो माइकमध्ये म्हणाला. आवाज नेहमीचाच, उपासनेनंतर सूचना वाचतानाचा. "गेली दोन वर्षं मी प्रार्थना केलेली नाही. नुसते ओठ हलवतो. पलीकडे कोणी ऐकतंय असं मला आता वाटत नाही. शपथ घेऊन पुन्हा तेच करत राहणं मला जमणार नाही."

मागे कुठेतरी एक खुर्ची कुरकुरली. अध्यक्ष हातातल्या कागदाकडे बघत उभे होते. सिस्टरच्या बोटांनी आपसूक स्वतःचं मनगट धरलं. वॉर्डात कोणी कोसळलं की ती आधी नाडी बघायची. नाडी चालू होती. तिला त्याचंच नवल वाटलं.

तो खाली उतरला तशी माणसं बाजूला सरली. फक्त शिवणकाम करणारी म्हातारी आडवी आली. पहिल्या सातांपैकी ती एक. गेल्या वर्षी तिचा नवरा गेला तेव्हा तीन दिवस हा त्याच्या उशाशी प्रार्थना म्हणत बसून होता.

"पास्टर, तेव्हाही?"

"तेव्हाही, आजी."

म्हातारीने मान हलवली आणि भिंतीचा आधार घेत दाराकडे चालू लागली.

तीनशे माणसांचं जेवण शिजून तयार होतं. त्याचं काय करायचं ते कोणाला सुचेना. सिस्टरने बाह्या सरसावल्या आणि वाढायला घेतलं. ताट पुढे करताना कोणी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. निम्मी माणसं न जेवताच गेली.

घरी आल्यावर तो बूट न काढता पलंगाच्या कडेला बसला. ती दारातच थांबली. दोन वर्षं. म्हणजे तिच्या ऑपरेशनच्या आधी डोक्यावर हात ठेवून तो जे बोलला, तेही. रोज सकाळी दोघं गुडघे टेकायची, तेही.

"मला का नाही सांगितलंत?"

"रोज सांगणार होतो. सकाळी तू डोळे मिटायचीस आणि मी तुझ्याकडे बघत राहायचो. तुझा चेहरा बघितला की धीर व्हायचा नाही."

ओरडावं, हाताला लागेल ते त्याच्या अंगावर फेकावं, असं तिला वाटलं. मग ती म्हणाली, "बूट काढा. चादर आजच बदललीये."

दुसऱ्या दिवशी विभागाच्या कचेरीतून दोघं जण आले आणि नोंदवह्या, शिक्का, किल्ल्या घेऊन गेले. त्यांना निरोप देऊन नवरा जुन्या मालकाकडे काम विचारायला गेला. त्यानंतरच्या सकाळी ती पाळीवर हजर झाली.

अकरा नंबरच्या खाटेवर एक म्हातारा घटका मोजत होता. सभागृहात घडलेलं त्याच्या मुलीच्या कानावर अजून गेलेलं नव्हतं. बाबांसाठी प्रार्थनेचे दोन शब्द म्हणायला पास्टरसाहेबांना बोलवाल का, असं तिने विचारलं. ते आता येत नाहीत, सिस्टरने सांगितलं.

"मग तुम्ही म्हणाल?"

सिस्टरने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. इतकी वर्षं अशा वेळी ती मागे उभी राहायची, बोलायचा तो. तिने प्रार्थनेसाठी डोळे मिटले आणि लगेच उघडले. मुलगी वाट बघत होती. सिस्टरने म्हाताऱ्याची उशी सारखी केली, त्याच्या कोरड्या ओठांवरून ओला कापूस फिरवला, आणि त्याचा हात हातात घेऊन तशीच उभी राहिली. पाळी संपली, दुसरी सिस्टर येऊन पडद्याबाहेर थांबली, तरी ती हलली नाही.