भिंतीवर मीच दाखवलं

मी नऊ नंबरचा टॅब्लेट. चौथीच्या वर्गात अकरा पोरं, अकरा टॅब्लेट, आणि सगळ्यांत चिकट मी. खोक्यातून निघालो तेव्हा काय चकाचक होतो राव! पहिल्याच आठवड्यात एकानं माझ्यावर जॅम फासला. दुसऱ्या आठवड्यात माझी ढाल करून मारामारी झाली, कोपरा फुटला. चालायचंच.

मग मी मॅरेनच्या वाट्याला आलो. नऊ वर्षांची, गप्प पोर. रोज मला बाहीनं पुसायची. दुसरं कोण पुसतंय आम्हाला!

तिच्या बाई मिस सिग्ने. रोज सकाळी आमच्यावर एकच प्रश्न यायचा, आज कसं वाटतंय? पोरांनी एक चेहरा दाबायचा, खाली एक ओळ लिहायची. "फक्त मला दिसतं हं," बाई म्हणायच्या. "मुंगीलासुद्धा कळणार नाही."

बाकीची पोरं लिहायची, भूक लागली. एक पठ्ठ्या महिनाभर 'पादलो' लिहीत होता. मॅरेन मात्र खरं लिहायची. बाबानं ताट फेकलं. आई गाडीत झोपली.

बाईंनी ऑफिसात सांगून पाहिलं. तिकडे हसले. "कोच ब्रेके? आपले कोच? काहीतरीच काय सिग्ने!" मॅरेनचा बाबा म्हणजे शाळेच्या बास्केटबॉल टीमचे कोच. गावात कुठेही जावोत, लोक पाठीवर थाप मारणार.

मग आला तो शुक्रवार. महिन्यातून एका शुक्रवारी पोरं अर्ध्या दिवसात घरी जातात. सगळे शिक्षक, कोचसुद्धा, घरून आपापलं जेवणाचं पातेलं घेऊन लायब्ररीत जमतात आणि वर्गात यंत्रांचा काय उपयोग केला ते एकमेकांना दाखवतात. लॉरेन बाईंनी फोन काठीला बांधून बेडकाचं पोट भिंतीएवढं दाखवलं.

"लॉरेन, अगं जेवतोय आम्ही!" कोच ओरडले. सगळे खो खो हसले.

मिस सिग्नेंची पाळी आली. चार्जिंग फक्त माझ्यात होतं, म्हणून त्यांनी मलाच उचललं, माझ्यावर अख्ख्या वर्गाची उत्तरं उघडली आणि भिंतीवरच्या पडद्याला जोडलं. बर्फामुळे सकाळी बस उशिरा आलेली, त्या दिवशीची उत्तरं त्यांनी वाचलीच नव्हती.

"नावं झाकलीयेत, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "बघा, आजचीच ताजी."

भूक लागली. आमचा कुत्रा आजारी आहे. पादलो. पुन्हा सगळे हसले. आणि त्याखाली—

'उद्या बाबाची टीम बाहेरगावी खेळायला गेली की मी आणि आई मावशीकडे जाणार. कायमचं. बाबाला सांगायचं नाही.'

नावं झाकली म्हणे! अख्ख्या गावात टीम असलेला बाबा एकच. तो तिसऱ्या खुर्चीवर, मांडीवर ताटली घेऊन बसलेला.

मला विझता येईना. बाईंनी मला पालथं घातलं, तोवर सगळ्यांचं वाचून झालं होतं.

"छान आयडिया आहे, सिग्ने," कोच म्हणाले. ताटलीतलं सगळं संपवलं, तोंड पुसलं आणि उठले. कुणीही त्यांना थांबवलं नाही. बाई मात्र फोन लावत सुटल्या. आई उचलेना. शेवटी जिल्ह्याच्या बालसंरक्षण ऑफिसातून दोन माणसं मॅरेनच्या घरी गेली. आई दारातूनच म्हणाली, सगळं ठीक आहे. ती माणसं आल्या पावली परत फिरली.

शनिवारी टीम कोचशिवाय गेली.

सोमवारी मॅरेन आली. आता तिला न्यायला कोच स्वतः येतात. त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीला आईच्या गाडीची चावी असते. मॅरेन मला पुसत नाही. हसरा चेहरा दाबते, लिहिते, छान. रोज छान. बाईंनी आपल्या वर्गातून तो प्रश्न काढायला सांगितला, पण ऑफिसला तो फारच आवडलाय. आता सगळ्या वर्गांत विचारतात.

मी यंत्र आहे. जोडलं की दाखवतो, मला गुपित ठेवता येत नाही. म्हणून एवढंच सांगतो, मॅरेन. पुन्हा कधी निघायचं ठरलं, तर मला कळू देऊ नकोस.