अल्लीपूरची वांगी

नालवाडीच्या नव्या ले-आउटच्या वस्तीत कुंताबाईची हातगाडी शिरली की बायका फाटकाशी यायच्या आणि ठरलेला प्रश्न विचारायच्या, "अल्लीपूरचाच माल ना?"

कुंताबाई काट्याकडे बघत म्हणायची, "हो तं. बहीण धाडते."

अल्लीपूरला तिची बहीण होती खरी, पण ती धाडायची फक्त फोनवरून खुशाली. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं उगवायचं त्याच बायकांच्या मागच्या भिंतीपलीकडे, कुंताबाई आणि तिचा नवरा मधुकरराव यांच्या वावरात. हे खोटं तिने काही हौसेने सुरू केलं नव्हतं. आधी ती खरंच सांगायची. पण घरं वाढली, त्यांचं सांडपाणी तिच्या वावराच्या धुऱ्याकडेने, बांधालगत वाहू लागलं आणि कुणीतरी उठवलं की इथली भाजी गटाराच्या पाण्यावर पोसलेली असते. घाण यांची आणि नाव खराब हिच्या वांग्यांचं! एका सकाळी वैतागून तिच्या तोंडून अल्लीपूर निघालं आणि बघता बघता गाडी रिकामी झाली. मग काय, रोज तेच.

भाजीला पाणी होतं विहिरीचं, चांगलं गोडं. विहीर मात्र शेजारच्या श्रावणजींच्या हद्दीत. दोन्ही घरं आज्यापासून पाळीपाळीने पाणी घेत आलेली. कागद करावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. श्रावणजींनी वावर विकलं, त्याचे प्लॉट पडले आणि विहीर ले-आउटच्या नकाशात बगीच्याच्या जागेत गेली.

त्या दिवशी कुंताबाई गाडी घेऊन परतली, तर विहिरीपाशी मुरमाचा टिप्पर उभा. ले-आउटच्या अध्यक्ष मंजुषा मॅडम चारपाच जणांसोबत उभ्या होत्या. मधुकरराव मोटारीच्या पाइपावर हात ठेवून बाजूला.

"लहान मुलं खेळतात इथे," मॅडम म्हणाल्या. "विहीर बुजवतोय."

विहीर गेली की वावर गेलं. कोरडं वावर घ्यायला प्लॉटवाले टपूनच होते.

"आवो, काही बोला ना," कुंताबाई नवऱ्याला म्हणाली.

"कोन्या तोंडानं बोलू? कागद कुठी हाये आपल्यापाशी?"

मग तीच पुढे झाली. "मॅडम, हे इहीर बुजवली तं तुमची वांगी बंद होतीन."

"वांगी? ती तर अल्लीपूरहून येतात ना?"

"तिथून काईच येत नाई. सारं इथलंच हाये."

मंजुषा मॅडमनी भिंतीवरून पलीकडे पाहिलं. वांग्यांचे वाफे, ओल्या सऱ्या, सकाळी तोडलेल्या पालकाची नुसती खुंटं. मागे कुणीतरी 'शी' म्हणालं.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही हेच खातोय?" मॅडमनी विचारलं.

"हेच. गटाराचं नाई, या इहिरीचं. माह्या घरचे बी हेच खातेत अन् हेच पाणी पितेत."

"मग खोटं का बोललात, कुंताबाई?"

"खरं सांगतलं असतं तं तुमी घेतली असती का?"

मॅडमनी विहिरीत वाकून पाहिलं; पाणी नितळ होतं. मग म्हणाल्या, "नसती घेतली."

त्यांनी टिप्पर परत पाठवला. विहिरीवर लोखंडी जाळी बसवू, असं ठरलं. बाकीचे कुरकुरत घरी गेले.

दुसऱ्या सकाळी कुंताबाईने हाक दिली, पण एकही फाटक उघडलं नाही. एका खिडकीतून कुणी बघून पडदा ओढला. कुंताबाईला रडूच आलं. विहीर वाचवून मी काय कमावलं, असं तिच्या मनात आलं. भरली गाडी तशीच वर्ध्याच्या बाजारात न्यावी म्हणून ती वळली, तेवढ्यात मंजुषा मॅडम पिशवी घेऊन रस्त्यावर आल्या. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "कुंताबाई, आपल्या विहिरीची वांगी द्या."

कुंताबाईचा हात काट्यावरच थांबला. तिने डोळे पुसले आणि पिशवीत वांगी टाकतच राहिली, काट्याकडे न बघता.

"अहो, बास!" मॅडम म्हणाल्या.

समोरचं एक फाटक करकरत उघडलं. बाकीची अजून बंद होती. कुंताबाईने गाडी तिथेच उभी ठेवली.