खापर फोडण्याआधी

मित्रांनो, मी एक जुने खापर आहे. हसलात ना? खापर म्हटले की तुम्हाला फोडायचेच सुचते. चूक कुणाचीही असो, तुम्ही आधी दुसऱ्याचे डोके शोधता. आज मात्र खापरच बोलणार आहे आणि तुम्ही गुपचूप ऐकणार आहात.

अमळनेरजवळच्या एका कुंभाराने मला घडवले. रुंद तोंडाचे, गोल बुडाचे मातीचे भांडे मी, पण माझे काम पालथे पडून करायचे. चुलीवर मला उपडे घालतात आणि माझ्या तापल्या पाठीवर पुरणपोळी पसरतात. माझी मालकीण धुरपदाबाई लग्नानंतर सुरतेला आली, तेव्हा गोधडीत गुंडाळून तिने मला तिथल्या डिंडोली वस्तीत आणले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा खानदेशी लोकांचा मोठा सण. त्या दिवशी अख्खी गल्ली मला मागून न्यायची. पुढे घरोघरी गॅस आला, विकतच्या पोळ्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. सात वर्षे धूळ खाल्ली, पण रडलो नाही.

मग साठीला टेकलेल्या धुरपदाबाईला एका सहल कंपनीत स्वयंपाकाचे काम मिळाले. आल्प्सच्या बर्फावर स्कीइंग करायला जाणारी सुरती मंडळी एका लाकडी बंगल्यात उतरणार आणि हिने त्यांना दोन वेळा गरम जेवू घालायचे. आखाजी तिथेच येणार होती. बाईने बॅगेतले दोन स्वेटर काढले आणि मला ठेवले.

तिथली शेगडी काचेची, सपाट. मला आतून विस्तवाची धग लागते, तिच्यावर मी तापेना. आखाजीच्या दुपारी धुरपदाबाईने दिवाणखान्यातल्या शेकोटीत विटा मांडल्या, धुराड्याची झडप उघडून लाकडे पेटवली, मला उपडे घातले आणि ती पुरण आणायला आत गेली. तेवढ्यात कापडाचे व्यापारी मगनभाई बर्फात तीनदा आपटून कुडकुडत आले. धुराड्यातून गार वारा येतो, असे त्यांना वाटले. शेजारी एक कडी दिसली. ती ओढून त्यांनी धुराड्याची झडप लावली आणि ते खोलीत निघून गेले. सुरतेच्या माणसाला धुराड्याचे काय ठाऊक! मी सारे पाहिले. मला तोंडही आहे, पण ते विस्तवावर पालथे. सांगणार कसे?

घरभर धूर झाला, भोंगा वाजू लागला. चौदा माणसे घरातल्या चपलांवर बर्फात उभी राहिली. सहलीचा व्यवस्थापक भूपेंद्र डिंडोलीतच वाढलेला. तो धुरपदाबाईवर तणतणला, "काकी, ये अपने घर का चूल्हा है क्या? उद्याच्या फ्लाइटने तुम्हाला परत पाठवतो!" फडक्याने उचलून त्याने मला बाहेर बर्फात टाकले. तापलेली माती ती. माझ्या कडेला तडा गेला.

मला माझे काही वाटले नाही. पण साऱ्या गल्लीला सांगून, मानाने आलेली ही बाई आता खाली मान घालून परतणार? माझा जीव जळला.

धुरपदाबाई रडली नाही. नाकाला पदर लावून ती आत गेली, तिने कडी उलटी ओढली आणि धूर सरसर वर जाऊ लागला. बाहेर येऊन ती म्हणाली, "भूपेंद्र, धूर मना खापरना नई शे. झडप कोनी लाई दिन्ही, ते इचार."

मगनभाईंनी पुढे येऊन कानटोपी काढली. "ए तो में बंद कर्युं. ठंडी आवती हती."

"सॉरी, काकी," भूपेंद्र पुटपुटला.

"माले नको. त्याले सांग," ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे बोट दाखवले.

भूपेंद्रने मला दोन्ही हातांनी उचलून आत नेले. कड तडकली होती, पाठ शाबूत होती. त्याच पाठीवर त्या दिवशी चौदा माणसांच्या पोळ्या झाल्या. मगनभाईंनी एकट्याने पाच खाल्ल्या.

आता मी डिंडोलीत ओट्याखाली असतो. येणारेजाणारे म्हणतात, तडा गेलाय, टाकून द्या. धुरपदाबाईसमोर म्हणून बघा!

मित्रांनो, मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही. एवढेच सांगतो. कुणाच्या डोक्यावर खापर फोडायला निघालात, तर आधी झडप बघा. आणि ती तुम्हीच लावलेली निघाली, तर निमूटपणे कानटोपी काढा.